ओळीअखेरचा एंटर

कामत साहेबांनी प्रिंटआउटचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि वरचं पान वाचायला सांगितलं.

पहिली ओळ कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत होती. दुसऱ्या ओळीत दोनच शब्द. तिसरी पुन्हा पूर्ण. चौथीत तीन शब्द आणि पुढे कोरी जागा. पान खालपर्यंत तसंच होतं, मधल्या पायऱ्या मोडलेल्या जिन्यासारखं.

"बाकीची पानंही अशीच आहेत," ते म्हणाले. "सोमवारी पाहुणे येतायत. आज बुधवार. तुम्ही कॉम्प्युटरचे प्रमुख आहात. बोला."

ही नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. डोंबिवलीच्या एमआयडीसीत कापडासाठी रंग बनवणाऱ्या एका कंपनीत मी ईडीपी इन्चार्ज होतो. कॉम्प्युटरशी संबंधित सगळ्या विभागाला तेव्हा ईडीपी म्हणत. आमच्याकडे सगळा म्हणजे एक काचेची खोली, चार मशीन आणि मी. कामत साहेब फॅक्टरीचे जनरल मॅनेजर. पाहुणे म्हणजे परदेशी ग्राहकाचे तीन तंत्रज्ञ. ते नवा प्लांट बघणार होते, आणि हातात ऑपरेटिंग मॅन्युअल धरून बघणार होते. कोणता व्हॉल्व्ह आधी उघडायचा, किती तापमानाला काय टाकायचं, गळती झाली तर काय करायचं, हे सगळं त्यात क्रमाने लिहिलेलं. लीगल आकाराच्या कागदावर एकशे बारा पानं. टायपिंग सेक्शनच्या चौघींनी सहा आठवडे खपून ती कॉम्प्युटरवर घेतली होती.

मंगळवारी ग्राहकाचा फॅक्स आला की मॅन्युअल ए-फोर कागदावर हवं आणि बायंडिंगसाठी डावीकडे दीड इंच समास हवा. आपल्याकडे ऑफिसात तेव्हा सर्रास लीगल कागद चाले. मी कामत साहेबांना म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे. खरंच दोन मिनिटांचं होतं. कागदाचा आकार बदलला, समास बदलला, प्रिंट दिली. बुधवारी दुपारी प्रिंटर थांबला तेव्हा हा जिना बाहेर आला होता.

कारण समजायला मला अर्धा तास लागला. वाचकांना ते दोन वाक्यांत सांगता येईल. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटा वाजते, आणि टायपिस्ट दांडा ओढून पुढच्या ओळीवर येते. कॉम्प्युटरवर दांडा नाही, म्हणून आमच्या टायपिस्ट प्रत्येक ओळीच्या शेवटी एंटर मारत होत्या.

कॉम्प्युटरला त्याची गरज नसते. जागा संपली की तो आपणहून खालच्या ओळीवर येतो. एंटर फक्त परिच्छेद संपला की मारायचा. प्रत्येक ओळीला मारलात, तर ती ओळ तिथे खिळा ठोकून बसते. कागद तोच आहे तोवर कोणाला कळत नाही. कागद अरुंद झाला की ओळीचे शेवटचे दोन शब्द खाली घसरतात आणि खिळा त्यांच्यामागे तसाच उभा. एकशे बारा पानांत असे पाच हजारांहून जास्त खिळे होते.

आम्हाला मशीन विकणाऱ्या ठाण्याच्या डीलरकडे फोन लावला. त्यांचा इंजिनिअर म्हणाला, प्रत्येक ओळीच्या टोकाला जा, डिलीट दाबा, स्पेस दाबा, पुढच्या ओळीवर जा. दुसरा उपाय म्हणजे सगळं नव्याने टाइप करा. आणि आमच्या हातात गुरुवार, शनिवार आणि रविवार एवढेच दिवस. शुक्रवारी आमच्या भागात वीज बंद असे, म्हणून कारखान्याची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची.

कामत साहेबांनी टायपिंग सेक्शनला बोलावून घेतलं. चौघी काचेच्या खोलीत ओळीने उभ्या राहिल्या. साहेब ओरडणारे नव्हते. त्यांनी फक्त विचारलं की रविवारपर्यंत होईल का. तिघींनी माझ्याकडे बघितलं. चौथी स्क्रीनकडे बघत होती.

ही चौथी म्हणजे भोईरबाई. सुनंदा भोईर. वय चाळिशीच्या आसपास, सेक्शनमध्ये सगळ्यांत जुनी नोकरी. ठाकुर्लीजवळच्या एका आगरी गावात सासर. टायपिंगच्या परीक्षा लग्नानंतर दिलेल्या, सकाळची भाकरी करून, क्लासला चालत जाऊन. सेक्शनमधल्या बाकीच्या त्यांची थट्टा करत की भोईरबाई मशीनशी जेवढं बोलतात तेवढं सासूशी बोलल्या असत्या तर घर सुखी झालं असतं. यावर बाई म्हणत, मशीन एकदा सांगितलेलं ऐकतं.

त्या दिवसांत या चौघींच्या डोक्यावर एक टांगती तलवार होती आणि ती सगळ्यांना दिसत होती. टाइपरायटर बंद होणार होते. टायपिंगसाठी दोनच कॉम्प्युटर मंजूर झाले होते. म्हणजे दोघी राहणार आणि दोघी पॅकिंगला नाही तर डिस्पॅचला जाणार. राहणाऱ्या दोघींच्या नावांची यादी कामत साहेबांच्या खणात होती. त्यात पहिलं नाव भोईरबाईंचं होतं. मला माहीत होतं, कारण यादी मीच करून दिली होती.

"साहेब, एक मशीन मला द्या," भोईरबाई म्हणाल्या. "उद्या दुपारपर्यंत."

"नव्याने टाइप करणार?"

"छे हो. ते काढायला लावते मशीनलाच."

कामत साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. त्या काय करणार याची मला कल्पना नव्हती, पण तसं दिसू द्यायचं नव्हतं.

इथे थोडं थांबून भोईरबाई कॉम्प्युटर कसा वापरत ते सांगतो, कारण या लेखाचं मूळ कारण तेच आहे.

नवी मशीन आली तेव्हा चौघींना मी दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं होतं. माझा धंदा प्रोग्रॅम लिहिण्याचा. साधं पत्र मी आयुष्यात टाइप केलं नव्हतं. माउस कसा धरायचा, फाईल कशी उघडायची, बंद कशी करायची, एवढंच मी दाखवलं. पुढचं भोईरबाईंनी एका कळीतून मिळवलं. ती कळ म्हणजे एफ-वन. ती दाबली की मदतीचं पान उघडतं. जेवणाच्या सुट्टीत डबा दहा मिनिटांत संपवून त्या एफ-वन दाबून वाचत बसायच्या, शेजारी इंग्रजी-मराठी शब्दकोश. एकदा मी विचारलं, एवढं काय असतं त्यात? त्या म्हणाल्या, "सगळं सांगतं ते, साहेब. कोणी विचारत नाही म्हणून गप्प बसतं."

माउसला त्या हात लावत नसत. तो कीबोर्डच्या मागे पालथा ठेवलेला असे. त्यांचं म्हणणं असं की टायपिस्टचे हात एकदा कळींवर बसले की उठता कामा नयेत. प्रत्येक कामासाठी हात उचलायचा, माउस शोधायचा, बाण शोधायचा आणि परत येऊन बोटं जागेवर बसवायची, हे त्यांना पटत नसे. आवणीचं उदाहरण द्यायच्या. आवणी म्हणजे भाताची लावणी. "आवणीला उभं राहिलं की रोपांची मूठ डाव्या हातात असते. रोपागणिक कोणी बांधावर जाऊन येत नाही."

त्यांनी शोधलेल्या गोष्टी आज शाळेतल्या पोरांना येतात. तेव्हा आमच्या इंजिनिअरांनाही येत नव्हत्या. कंट्रोल आणि एस दाबलं की काम साठवलं जातं. दर परिच्छेदाला त्यांची बोटं आपोआप तिकडे जात. डोंबिवलीत दिवसातून दोनदा वीज जायची. बाकीच्या कपाळाला हात लावत, बाई पदराला हात पुसून चहाला जात. कंट्रोल-झेडने शेवटची चूक मागे घेता येते. कंट्रोल धरून बाण दाबला की कर्सर अक्षर-अक्षर न जाता शब्द-शब्द उडी मारतो, शिफ्टही धरला तर ते शब्द निवडत जातो. कंट्रोल-बॅकस्पेसने अख्खा शब्द पुसला जातो. ऑल्ट-टॅबने या कामातून त्या कामात जाता येतं. वर्डमध्ये एफ-फोर दाबलं की आत्ता जे केलं तेच पुन्हा होतं. पन्नास मथळे ठळक करायचे असतील तर पहिला एकदा करायचा आणि बाकीच्यांवर नुसतं एफ-फोर मारत जायचं. फाईल उघडल्याबरोबर शिफ्ट-एफ-फाइव्ह दाबलं की काल जिथे काम सोडलं होतं तिथे आपण जाऊन उभे. हे त्यांनी मला दाखवलं तेव्हा मी मान हलवून, हो, माहीत आहे, असं म्हटलं होतं. माहीत नव्हतं.

हे सगळं त्या बिघडलेल्या लेटरहेडच्या कोऱ्या पाठीवर लिहून ठेवत. शाईपेनाने, मराठीत, प्रत्येक कळीखाली ती केव्हा वापरायची याचं एक वाक्य. बारा-पंधरा पानं झाली होती. सुतळीने शिवलेली.

गुरुवारी सकाळी त्या मशीनवर बसल्या. मी बाजूला खुर्ची घेऊन बसलो. त्यांनी आधी सगळ्या फायलींच्या प्रती काढल्या. मूळ फायलींच्या फ्लॉपी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्यासमोर टेबलावर ठेवली. काही बिघडलं तर प्रतीचं बिघडेल, म्हणाल्या.

मग एक कळ दाबून त्यांनी स्क्रीनवर एंटरच्या खुणा उघड्या केल्या. एरवी त्या लपलेल्या असतात. प्रत्येक ओळीच्या टोकाला उलट्या पी-सारखी खूण दिसायला लागली. दोन परिच्छेदांच्या मध्ये मात्र अशा दोन खुणा लागोपाठ होत्या, कारण टायपिस्ट तिथे एक ओळ मोकळी सोडतात.

"म्हणजे एकटा एंटर चोर," बाई म्हणाल्या. "आणि जोडीने असेल तो साव."

कंट्रोल-एच दाबलं की एक खिडकी उघडते. वरच्या रकान्यात काय शोधायचं ते लिहायचं, खालच्यात त्याऐवजी काय घालायचं ते. हे मला माहीत होतं. एंटरसुद्धा असा शोधता येतो, त्याच्यासाठी टोपीची खूण आणि पी लिहायचं असतं, हे माहीत नव्हतं. एफ-वनच्या कुठल्या तरी आतल्या पानावर ते होतं.

मी घाईने म्हटलं, मग सगळे एंटर काढून टाका. बाई हसल्या. "सगळे काढले तर एकशे बारा पानांचा एकच परिच्छेद होईल, साहेब. सावालाही फासावर चढवाल."

त्यांनी केलं ते असं. आधी जोडीने आलेले एंटर शोधून त्यांच्या जागी झेड-क्यू-झेड अशी तीन अक्षरं घातली. हीच का, असं मी विचारलं. ही अक्षरं अशा क्रमाने इंग्रजीच्या कुठल्याच शब्दात येत नाहीत, म्हणाल्या. म्हणजे साव लोक वेश बदलून लपले. आता फाईलमध्ये उरले ते सगळे चोर. त्यांच्या जागी नुसती स्पेस घातली. ओळी एकमेकींना जोडल्या गेल्या. शेवटी झेड-क्यू-झेड शोधून तिथे पुन्हा दोन एंटर घातले. साव घरी परतले. जिना मोडला आणि स्क्रीनवर सपाट, नीट परिच्छेद उभे राहिले.

तीन बदल. मशीन हळू होतं, तरी पहिल्या फाईलला सात-आठ मिनिटं लागली असतील. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो होतो, हे मला नंतर कळलं.

पण बाई खूश नव्हत्या. त्यांनी कंट्रोल-झेडने तिन्ही बदल मागे घेतले. मी म्हटलं, झालं की, आता काय? त्यांनी पुढच्या पानावर बोट ठेवलं. तिथे प्लांट सुरू करण्याच्या पायऱ्या होत्या. एक, दोन, तीन, असे आकडे घालून एकाखाली एक लिहिलेल्या, मध्ये मोकळी ओळ नाही. त्यासुद्धा एकमेकींना चिकटल्या असत्या. व्हॉल्व्ह उघडा आणि पंप बंद करा हे एकाच रांगेत आलं असतं. बोलता बोलता त्यांनी मला शांतपणे सांगितलं की हे मॅन्युअल वाचून आपली माणसं रिॲक्टर चालवणार आहेत.

म्हणून एक बदल आणखी, सगळ्यांत आधी करायचा. ज्या एंटरनंतर आकडा येतो, तो एंटरही साव. शून्यापासून नऊपर्यंत दहा वेळा कंट्रोल-एच. त्यातही एक फट राहत होती, ती त्यांनीच दाखवली. वाक्याच्या मधोमध ऐंशी अंश असं तापमान असेल आणि तो आकडा नेमका ओळीच्या सुरुवातीला आला असेल, तर मशीन त्यालाही पायरी समजेल. याला उपाय मशीनकडे नाही, डोळ्यांकडे आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यांनी बाकीच्या तिघींना लाल पेन्सिली दिल्या आणि फाईल प्रिंट होईल तशी वाचायला बसवलं. अशा एकोणीस जागा सापडल्या.

गुरुवारी दुपारी सगळ्या फायली तयार होत्या. शनिवारी सकाळी शेवटचं वाचन झालं, रविवारी बायंडिंग. सोमवारी पाहुण्यांनी मॅन्युअल उघडलं. ते कसं छापलंय याबद्दल त्यांनी एक शब्दही काढला नाही. छापील गोष्टीचं याहून मोठं कौतुक नसतं.

आता मला जे लिहायचं आहे ते.

पाहुणे गेल्यावर कामत साहेबांनी मला बोलावलं. ठाण्याच्या हेड ऑफिसला लेखी रिपोर्ट हवा होता. दोष का आला, कोणामुळे आला, कसा दूर झाला. टेंभी नाक्याजवळच्या त्या ऑफिसात तेव्हा असंही बोललं जात होतं की डोंबिवलीला वेगळा ईडीपी इन्चार्ज हवाच कशाला. हे माझ्या कानावर आलेलं होतं.

एक गोष्ट मी या रिपोर्टात लिहिली नाही आणि त्यानंतरही कित्येक वर्षं कुणाला सांगितली नाही. मॅन्युअलचं टायपिंग अर्ध्यावर असताना भोईरबाई माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्या हातात दोन कागद होते, एक एंटर मारलेला आणि एक न मारलेला. ओळीअखेर एंटर मारायची गरज नाही, मशीन आपणहून खाली येतं, आम्ही सगळ्या चुकीचं करतोय, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मला ते ठाऊक नव्हतं. ट्रेनिंग देणाऱ्याला ठाऊक नाही हे कबूल करायची लाज वाटली. मी म्हणालो, अर्धं काम झालंय, चौघींचं एकसारखं दिसलं पाहिजे, मध्येच पद्धत बदलू नका. त्या बरं म्हणाल्या आणि जाऊन पुढचे तीन आठवडे एंटर मारत राहिल्या. मी सांगितलं म्हणून.

रिपोर्ट मी इंग्रजीत लिहिला. त्याचा मराठीत अर्थ एवढाच की टायपिंग सेक्शनच्या जुन्या सवयींमुळे दोष निर्माण झाला आणि ईडीपी विभागाने खास पद्धत विकसित करून तो दूर केला. कामत साहेबांनी तो वाचला. चष्मा काढून विचारलं, "जुन्या सवयी म्हणजे जास्त कोणाच्या?"

"सगळ्यात जुन्या भोईरबाईच," मी म्हणालो.

हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणून तर ते इतक्या सहज निघालं.

आठवड्याभरात यादी बदलली. भोईरबाई डिस्पॅचला गेल्या. तिथे पत्र्याचे स्टेन्सिल धरून ब्रशने ड्रमवर बॅच नंबर रंगवायचं काम होतं. ऑर्डर हातात पडल्यावर त्या काचेच्या खोलीत आल्या. आत न येता दारातच उभ्या राहिल्या.

"साहेब, रिपोर्टात काय लिहिलंत?"

"जे झालं ते."

त्यांनी सुतळीने शिवलेली पानं टेबलावर ठेवली. सेक्शनमधल्या मुलींना लागतील, म्हणाल्या, आणि गेल्या.

ती पानं मुलींना मिळाली नाहीत. मी घरी नेली, इंग्रजी-मराठी नीट केलं, क्रम लावला आणि बत्तीस पानांची एक पुस्तिका केली. आवणीचं वाक्य काढून टाकलं. ऑफिसच्या पुस्तिकेत ते गावठी वाटलं. त्या सगळ्या पानांत तेवढं एकच वाक्य असं होतं की जे वाचून कोणालाही माउस ठेवून द्यावासा वाटला असता. मुखपृष्ठावर माझं नाव आलं. हेड ऑफिसने ती कंपनीभर वाटली. ठाण्यात एक समारंभ झाला, मला ढाल मिळाली. डोंबिवलीची ईडीपी बंद करायचा विषय पुन्हा निघाला नाही. पुढे मी सिस्टिम्स मॅनेजर म्हणून निवृत्त झालो. भोईरबाईंनी जवळपास तीन वर्षं ड्रम रंगवले आणि नोकरी सोडली. मी निरोप समारंभाला गेलो नव्हतो. बाहेरगावी काम काढलं होतं.

माझं वय आता अठ्ठ्याहत्तर आहे. गेल्या वर्षी घर बदलताना मुलीने कपाटातले कागद रद्दीला काढले. त्यात ती सुतळीची पानं निघाली. तिने विचारलं, बाबा, हे अक्षर कोणाचं? तिला उत्तर दिलं आणि त्यानंतर जो पहिला रविवार आला, त्या दिवशी ठाकुर्लीला गेलो.

डिस्पॅचच्या जुन्या सुपरवायझरने पत्ता दिला होता. शेतं गेलेली, चहूबाजूंनी बिल्डिंगी, मध्ये गावठाणातली घरं. बाईंनी मला लगेच ओळखलं. केस पांढरे झालेत, बाकी तशाच. नोकरी सोडल्यावर त्यांनी खालच्या खोलीत दोन जुने कॉम्प्युटर आणून गावातल्या बायकांना शिकवायला सुरुवात केली होती. बरीच वर्षं चालवलं, म्हणाल्या, आता डोळ्यांमुळे बंद. चहा झाला. मी पानं त्यांच्यासमोर ठेवली आणि रिपोर्टापासून पुस्तिकेपर्यंत सगळं सांगितलं.

"पुस्तिकेचं मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याच घरात आली होती."

त्यांचा मुलगा दिनेश तेव्हा कॉलेजात होता. कल्याणला कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा. क्लासच्या सरांनी मुलांना आमच्या पुस्तिकेची झेरॉक्स वाटली होती. एका संध्याकाळी तो ती घेऊन घरी आला आणि म्हणाला, आई, तू मशीनवर बसायचीस ना, हे वाच, एका साहेबांनी काय मस्त लिहिलंय. त्याने आईला समोर बसवून पहिली दोन पानं शिकवली.

"मी त्याला सांगितलं, अरे, हे मी लिहिलंय," बाई म्हणाल्या. "तो हसला. म्हणाला, आई, तू पण ना." पदराने त्यांनी टेबलावरचा चहाचा डाग पुसला. "हुशार पोरगा आहे. पण ते हसणं माझ्या डोक्यातून गेलं नाही. तुमच्या रिपोर्टाचं मी विसरले असते."

मी म्हटलं, मी लिहून देतो. सही करून. त्यांनी नको म्हटलं नाही. कागद आणि पेन आणून दिलं, आणि आतल्या खोलीकडे तोंड करून मुलाला हाक मारली. "दिनेश, बाहेर ये जरा. साहेब काही वाचणार आहेत."

पन्नाशीकडे झुकलेला माणूस बाहेर आला. आईच्या खुर्चीमागे उभा राहिला. मला हात जोडले. मी कोण हे त्याला सांगितलं तेव्हा त्याच्या तोंडावरून कळलं की नाव त्याच्या लक्षात आहे.

मी लिहिलेलं मोठ्याने वाचलं. मॅन्युअलचा दोष माझ्या चुकीच्या सूचनेमुळे निर्माण झाला होता. ओळीअखेर एंटर मारायची गरज नाही असं श्रीमती सुनंदा भोईर यांनी मला आधी सांगितलं होतं. तो दोष दूर करण्यात श्रीमती भोईर यांनी मोलाची मदत केली. माझ्या नावाने निघालेल्या पुस्तिकेतला सर्व मजकूर त्यांचा आहे.

"मदत खोडा," बाई म्हणाल्या.

मी वर बघितलं.

"मदत मी नाही केली, साहेब. मी केलं. तुम्ही बाजूला खुर्चीवर बसला होता."

मी ती ओळ खोडली. वर लिहिलं: तो दोष श्रीमती भोईर यांनी एकटीने दूर केला. मी फक्त बघत होतो. दिनेशने कागद माझ्या हातातून घेतला आणि उभ्यानेच सुरुवातीपासून वाचायला लागला. वाचून झाल्यावर त्याने तो आईला दिला नाही. दुसऱ्यांदा वाचायला घेतला. बाईंनी त्याच्याकडे वळून बघितलं नाही. मला विचारलं, आणखी चहा घेणार का.

कॉम्प्युटरवर चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाने नव्यांना काय सांगावं, असं मला अधूनमधून विचारतात. काम ज्याने केलं त्याचं नाव त्याच दिवशी, त्याच कागदावर लिहावं. उशीर केला तरी लिहिता येतं, पण तोवर हाताला वळण लागलेलं असतं. माफी मागायला गेलेला माणूसही 'मोलाची मदत' लिहून बसतो.